पंचनामा

मेंढी डाव्या कुशीवर, पाय पूर्वेकडे.
गळ्याला चार भोकं, रक्त फारसं नाही.
मागच्या मांडीचा घास गेलेला, बाकी शाबूत.
अंगावर ओढलेलं ओलं गवत,
झोपलेल्याला कुणी पांघरूण घालून जावं तसं.

विल्फ टेलफर्ड कुंपणापाशी उभा.
त्याचा कुत्रा मॉस गाडीखाली, हाक मारली तरी बाहेर येत नाही.
नॉर्थंबरलंडचा पाऊस: पडत नाही, नुसता असतो.

मी गवत बाजूला करते, कॅलिपर उघडते,
सुळ्यांमधलं अंतर मोजते.
फॉर्मवर तीन चौकटी आहेत:
कुत्रा, कोल्हा, लिंक्स.

दोन वर्षांपूर्वी गावच्या हॉलमध्ये सभा झाली होती.
चहा, स्कोन, भिंतीवर नकाशा,
आणि शहरातून आलेला एक तरुण, नवेकोरे बूट घातलेला.
ती हजारेक वर्षांनी घरी येतेय, तो म्हणाला.
(ती गेली तेव्हा, मी मनात हिशेब केला,
मराठीतली पहिली ओळही कुठल्या दगडावर कोरलेली नसेल.)
विल्फ उठला.
हजार वर्षांनी येते तिला आम्ही पाहुणी म्हणतो,
आणि पाहुणीनं जेवायला काय आहे ते विचारून घ्यावं.
लोक हसले. मग माना माझ्याकडे वळल्या:
डॉक्टर, तुमच्याकडे तर असतातच ना असले?

आमच्याकडे.
ओतूरला, आमच्या उसात, बिबटी व्यायची.
तोडणीवाल्यांच्या कोयत्यापुढे पिल्लं निघायची,
डोळे अजून चिकटलेले.
नाना ती टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून बांधावर ठेवायचे
आणि आम्ही दिवे मालवून, खोकला दाबून घरात बसायचो.
पहाटे क्रेट आडवं. रिकामं.
"नेली बाईनं," नाना म्हणायचे,
आणि मगच तोंड धुवायला जायचे.

त्याच बाईनं आमची गाभण शेळी नेली होती.
वनरक्षक आला, दोन पंच बसले, आईनं चहा केला.
भरपाई अकरा महिन्यांनी आली.
तोवर नानांनी जाळी आणून गोठा बंद केला होता,
सरकारला, बिबटीला आणि जाळीवाल्याला
एकाच दमात शिव्या घालत.
हे प्रेम नव्हतं. मोठेपणा तर नव्हताच.
शेजार निवडता येत नाही, एवढंच.

पण विल्फचा शेजार निवडला गेला.
मतं मोजून, पेट्यांत घालून, फितीसकट.
हे मी त्या सभेत बोलायला हवं होतं.
मी म्हणाले होते, हो, असतात,
आणि स्कोन खाल्ला होता.

"काय लिहिलंस?"
तिसऱ्या चौकटीत खूण करते, त्याला दाखवते.
तो मान हलवतो, बराच वेळ.
मग म्हणतो, मी पाहिलं तिला, मंगळवारी.
तिथे, लार्चच्या कडेला. कानांवर शेंड्या.
शेपटी तोडल्यासारखी.
माझ्याकडे बघत बसली, मीच काहीतरी चुकून आल्यासारखा.
बंदूक गाडीतच होती.

हेही लिहू?
"नको."

मॉसचं नाक आता चाकाबाहेर आलंय.

मी त्याला नियम सांगते:
भरपाईची सही इथे. फोटो झाले.
मेंढी उचलू नकोस.
ती दोन-तीन रात्री परत येईल, हिच्यावरच भागवेल.
ही नेलीस तर तिला दुसरी लागेल.

तो माझ्याकडे पाहतो. मी वेडी आहे का,
की त्याची दुसरी मेंढी मोजतेय, हे ठरवत असावा.
एकोणसाठ वर्षांत त्यानं मेलेलं जनावर
माळावर सोडलेलं नाही, मला ठाऊक आहे.
बापाची शिस्त.

सही करतो. शाई पसरते.
पेन खिशात घालतो, माझंच.
मग गुडघा धरून वाकतो
आणि मी बाजूला केलेलं गवत
एकेक मूठ
परत तिच्यावर ओढत राहतो.