सांगता येत नाही

भरतीचं पाणी पायरीला लागलं होतं
तेव्हा तो पोरगा आला. बूट हातात,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, गळ्यातल्या कार्डावर नाव: रेनांते.
म्हणाला, नानाय, पंधरा मिनिटं द्याल का?
तुमचं मत हवंय.

मला हसूच आलं.
मत तर आजवर कितीदा नेलंय माझं.
एकदा पाचशे पेसोच्या नोटेत गुंडाळून,
एकदा तांदळाच्या पिशवीवर त्यांचंच नाव छापून,
एकदा फुकटच, कारण त्याचा बाप बरा होता
असं माझा नवरा म्हणायचा.
पण नेलेलं मत वेगळं, विचारलेलं वेगळं.
म्हटलं, बस त्या तेलाच्या डब्यावर.

सरकारच्या कामाबद्दल आपण
पूर्ण समाधानी, थोड्या समाधानी, असमाधानी,
की सांगता येत नाही?

वर बघ, म्हटलं.
छपरावर पालथा पडलाय तो मागचा मेयर,
त्याच्याखाली त्याची बायको, तिच्याखाली भाचा.
प्रचाराच्या तीन ताडपत्र्या अंथरल्या
तेव्हा कुठे मालाबोनमधलं हे दुकान गळायचं थांबलं.
घराणं मोठं असल्याचा एवढा फायदा झाला आम्हाला.
फक्त भाच्याच्या दाताशी एक भोक आहे,
तिथून थेंब पडतो, नेमका मिठाच्या बरणीवर.
थोडी समाधानी लिही.

पुराची भिंत?
ती पूर्ण झालीय. फलकावर तसं लिहिलंय.
फलक कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे,
पोरं त्याला होडी बांधतात.

मध्येच पासिंगची नात आली:
एक अंडं, अर्धी वाटी व्हिनेगर, एका डोक्यापुरता शॅम्पू.
आमच्या गल्लीत सगळं असंच,
सिगारेट एक, लसणाच्या पाकळ्या चार,
पुडीपुडीनं जगणं.
अख्खी बाटली परवडणारा माणूस
इथे राहतच नाही.

देशापुढची सर्वांत मोठी समस्या. एकच निवडा.
एकच?
माझी मारिबिक कुवेतमध्ये दुसऱ्यांची लेकरं न्हाऊ घालते.
तिचा मुलगा मला आई म्हणतो
आणि तिला, फोनमधली.
याला कुठला रकाना आहे बाळा?
त्यानं बोटानं पडदा खाली सरकवला, वर सरकवला.
हळूच म्हणाला, इतर.
बरं, इतर.

आणि बोनिंगच्या पोराबद्दल नाही विचारणार?
तो जरा थांबला. नानाय, तो प्रश्न यात नाही.
नसेल. रात्री मोटरसायकलवरून दोघं आले,
तोंडं झाकलेली. पहिला आवाज झाला
तसे गल्लीतले दिवे एकेक करून मालवले गेले.
माझाही.
सकाळी मी रस्त्यावर पाणी ओतलं, साबण माझ्याच दुकानातला.
वर त्याच्या आईला म्हणाले, देवाची मर्जी.
तेव्हा मला मत होतं, रेनांते.
चांगलं टरारून आलेलं मत होतं.
गिळलं.

तो काही लिहीत नव्हता.
मी विचारलं, तुझं काय मत?
आम्हाला सांगायची परवानगी नाही.
एका फॉर्मचे किती देतात?
ऐंशी. मागच्या महिन्याचे अजून यायचेत.
सकाळपासून खाल्लंयस काही?
तो दूर पाण्याकडे बघत राहिला.
याला म्हणतात, सांगता येत नाही.

मग पाव दिला, कॉफीची पुडी फोडून दिली,
उधारीच्या वहीत त्याचं नाव घातलं,
मेयरच्या मेहुण्याच्या नावाखाली.
मेहुण्याचे सहाशे चाळीस आहेत, दोन वर्षांपासून.

पाणी दुसऱ्या पायरीला आलं.
यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, डोक्यावर धरून
तो पुढच्या घराकडे निघाला.
खांबाला धरून चाल, मी ओरडले, तिथे गटार उघडं आहे!
हेही मतच की.
त्यानं हात वर केला. ऐकू गेलं असावं.

मी मिठाची बरणी
जरा डावीकडे सरकवली.