दुसरं बटण

मंगळवारी रात्री दहाला
साकाताच्या बंदरावरचा वारा शटरला धडका देतो
आणि मी इस्त्री उभी करून ठेवते.
नवरा आतून म्हणतो, आला वाटतं तुझा मरणारा.

मरणाराच तो.
सेइगो इवाबुची.
नामावलीत सातवा, नाहीतर नववा,
नाव इतकं भरभर सरकतं
की पापणी लवली तर गेलं.
वीस वर्षांत अठरा वेळा मेला:
जिन्यावरून ढकलून, धरणात,
एकदा तर नववर्षाच्या सकाळी घशात मोची अडकून,
आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच भागात.
माझ्याकडे वही आहे. तारीख, वाहिनी, मरणाचं कारण.
शेवटचा रकाना: कपडे.

मी पडले लाँड्रीवाली, चेहऱ्याआधी मला कॉलर दिसते.
लोक नायकाच्या डोळ्यांत बुडतात.
बुडोत बापडे.
माझी मैत्रीण नोरिए टोकियोला जाऊन
चार तास रांगेत उभी राहिली,
एका नायकाचा हात चार सेकंद हातात धरून आली
आणि आठवडाभर रबरी मोजा घालून भांडी घासली.

मी पाहिलं ते एवढंच:
पैसे खाणाऱ्या कारकुनाच्या अंगात जो तपकिरी कोट होता
तोच तीन वर्षांनी फरार डॉक्टरच्या अंगात,
आणि मग तोच
त्या बापाच्या, ज्याची मुलगी फोन उचलत नाही.
तीन वाहिन्या. तीन माणसं. तिघंही मेली.
दुसरं बटण प्रत्येक वेळी काळ्या दोऱ्यानं लावलेलं,
बाकीची तपकिरी.

म्हणजे कोट त्याच्या घरचा.
म्हणजे कुठल्यातरी रात्री, दिव्याखाली,
हाताला लागला तो दोरा घेऊन
त्यानंच ते टाचलं असणार.
बायको असती तर काळा दोरा घेऊ दिला नसता.
हे ध्यानात आलं त्या रात्री
मला धड झोप लागली नाही.

मला कुणाचा हात नको.
तो कोट हवा होता, अर्ध्या तासापुरता.
बाही वाफेवर धरली असती,
कोपरावर आलेली चकाकी उतरवली असती,
खिशात चुकून राहिलेलं तिकीट
पाकिटात घालून परत केलं असतं, करतो तसं सगळ्यांचं.
त्या बटणाला मात्र हात लावला नसता.

तरी एकदा राहवलं नाही.
तपकिरी दोरा पुठ्ठ्याला गुंडाळून
त्याच्या कंपनीच्या पत्त्यावर धाडला.
नाव घातलं नाही. फक्त लिहिलं:
दुहेरी ओवा, नाहीतर पुन्हा तुटेल.

यंदाच्या हिवाळ्यात तो एका बेटावरच्या फेरीबोटीत तिकिटं फाडत होता.
दुसरा भाग गेला, मेला नाही.
पाचव्यात खोकला, मी जीव मुठीत धरला.
आठव्यात समुद्र खवळला.
दहाव्या भागात, शेवटच्या,
तो धक्क्यावर उभा राहून गरम चहाचा डबा
दोन्ही हातांत धरतो, आणि काहीच होत नाही.
चहा पितो. बोट सुटते. नामावली.
चौथा!
जीव भांड्यात पडला म्हणावं,
तर नवरा दारात उभा राहून विचारतो,
जगला की, मग रडतेस कशाला?

कोट नवा होता.
निळा, मापात शिवलेला, कपडेपटातला.
खांदा कुठे ओघळत नव्हता.
पाचही बटणं एका दोऱ्याची.

वही काढली. तारीख लिहिली, वाहिनी लिहिली.
मरणाचं कारण: रेघ.
कपडे: बराच वेळ पेन धरून बसले,
मग लिहिलं, चांगले.

इस्त्री थंड झाली होती. पुन्हा लावली.
बाहेर बर्फ आडवा येत होता.
दांड्यावर उद्या न्यायचे सत्तावीस कोट,
मास्तरांचा, मासळीवाल्या ओकुयामांचा,
कुणीतरी गेल्या मार्चपासून न नेलेला.
एकेकाचं दुसरं बटण
उगाचच
ओढून पाहिलं.