परक्या हातची कार्डं

सिव्हिल हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला
आमची खोली, पंखा एका बाजूनं कललेला.
समोर इरेश मेरगू, वय बत्तीस,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात जॅकार्डवर.
रिपोर्ट घडी घालघालून काडेपेटीएवढा केलेला.

“आत शिरतो म्हंजे नेमका कुठं?”

भिंतीवर तक्ता होता रंगीत गोळ्यांचा.
तो सोडून दिला. माझे नायना साखर पेठेत
चाळीस वर्षं कार्डं पंच करायचे,
म्हणून म्हटलं, बघा,
पेशीत कार्डांची एक माळ असते.
भोकं सांगतील तसा धागा उचलतो, तशी चादर.
कार्डावरून कापड. उलटं सहसा नाही.

हा येतो कापडाचा तुकडा घेऊन.
कार्ड नसतंच त्याच्याकडं.
आल्या आल्या उलटं वाचत बसतो:
कापडावरून धागा, धाग्यावरून भोक,
घाईत, चुका करत,
तुमच्याच पुठ्ठ्यावर.

“मग माळ उसवावी लागंल,” इरेश म्हणाला,
“मधली दोरी कापून, परत ओवून.”

हो. कात्री तो बरोबर आणतो. सुईसुद्धा.
शेवटची गाठ मात्र आपलीच माणसं मारून देतात.
फाटलं दिसलं की शिवायचं,
एवढंच ठाऊक त्यांना.

बराच वेळ तो स्वतःच्या बोटांकडं बघत बसला.
“म्हंजे डिझाइन त्याचं. सूत माझं.”

मग: “काढता येतंय का ते कार्ड?”
नाही, म्हटलं. अजून तरी नाही.
गोळी घेतली की नवे माग त्याच्या हाती लागत नाहीत.
बंद पडलेल्या मागांवर ते राहतंच,
धूळ खात.

नायनांकडं मोराची एक जुनी माळ होती.
तिच्यात सतरा कार्डं परक्या हातची,
भोकं किंचित तिरकी.
एकदा त्यांनी ती काढून बघितली.
मोराची मान गेली.
परत ओवली, शिव्या देत.

हे इरेशला सांगितलं नाही.
आपल्या सगळ्यांच्याच माळेत
लाखो वर्षांमागची अशी कार्डं आहेत,
पोटातल्या बाळाची वार विणायला
त्यांतलंच एखादं लागतं,
हेही नाही.
त्या दुपारी त्याच्या काय कामाचं होतं ते.

गोळी किती वाजता, त्यानं विचारलं.
रात्री नऊ. रोज तीच वेळ.
“नऊला माग थांबत्यात जेवायला,” तो म्हणाला,
“घड्याळ नको. कानालाच कळतंय.”

उठला, आणि पंख्याखालून वाकून गेला,
उंच नव्हता तरी.