बसवून बघितलेली गाडी

पूर्णेहून मामीनं खोका पाठवला, एसटीच्या पार्सलात.
वरून सुतळी, आत रद्दी,
आणि झाकणावर नागनाथमामाचं अक्षर:
हलवू नये. बसवून ठेवली आहे.

वाळूजला येईपर्यंत हलली होतीच.
झाकण काढलं तर रबर तुटलेला
आणि गाडी गप उलगडून पडलेली.
डावी बाजू, उजवी बाजू, टप, बॉनेट, डिकी,
पुढची जाळी, मागचा पत्रा, बुड,
आणि एक आडवी पट्टी, जिचं काम मला अजून कळलेलं नाही.

असं आता कुणी करत नाही.
आता साच्याला सरकते गाल असतात,
अख्खी बॉडी एका दमात पडते.
तेव्हाचा साचा नुसता वर-खाली उघडायचा,
म्हणून एकेक बाजू वेगळी ओतायची
आणि जुळवायचं घेणाऱ्याच्या गळ्यात.
मला हे माहीत, कारण मी आठ तास बंपर तपासते,
अडतीस सेकंदाला एक.

मामा लोको शेडात फिटर, मीटरगेजच्या काळातला.
सिकंदराबादेत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर
ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा घरातलं सगळं फुंकून गेला:
खुर्च्या, ग्रामोफोन, पोराचा हा खोका.
मामानं बारा रुपयांना घेतला.
"बारा रुपयांत मला लुगडं आलं असतं की हो,"
हे मामीचं तेव्हापासून.

पितळी परातीत तुकडे मांडून बसायचा.
"शिवकन्ये, चिकटवायला काय लागतंय माय,
आधी बसवून बघावं."
टप बसवला की डिकी उचलायची,
डिकी दाबली की उजवं दार पोट काढायचं.
केसाएवढं घासायचा, फुंकायचा, पुन्हा रबर चढवायचा.
दर दिवाळीला मी विचारायची, झाली का?
"बसंना गेली बघ. डाव्या अंगाला जरा."

मग ब्रॉडगेज आलं.
शेडातली माणसं नांदेडला, काझीपेठला पांगली.
मामा स्टोअरमध्ये नट मोजत रिटायर झाला.
गाडीचं कुणी विचारीना,
पण रबर मात्र दरवर्षी नवा,
पोळ्याला कासरा बदलावा तसा.

मी तुकडे वाचते. धंद्याची सवय.
इथं साचा मिटताना फट राहिली.
हा गोल वण, पिनेनं ढकलल्याचा.
इथं थंड होताना प्लास्टिक आत ओढलं गेलं.
हे सगळे कारखान्याचे.
टपावरचा हा चर, नखाला लागणारा,
हा आमच्या घरचा.
रबर एकाच जागी बसून प्लास्टिक खात गेला.

मग बुड काचेवर ठेवलं. एक कोपरा टेकेना.
जन्मापासून पिळलेलं!
दोन मिनिटं गरम पाणी, वर वजन,
आमच्याकडं शिकाऊ पोरगंसुद्धा करील हे.
पाणी ठेवलं. बुड उलटं केलं,
तर खाली पेन्सिलीनं, बारीक:
पीळ. पाव सूत. ९-११-८१.

म्हणजे माहीत होतं.
आणि तरी आठही तुकडे
त्या पिळाला धरून घासलेले,
कुठं जास्त, कुठं नुसता हात फिरवलेला.
आता बुड सरळ केलं तर
बाकी सगळं वाकडं ठरतंय.

गॅस बंद केला.
त्याच पाण्याचा चहा झाला.

रविवारभर चिकटवत बसले, एकेक सांधा.
डाव्या दाराच्या फटीत फिलर गेज घातला,
दोन दशांश.
बंपर असता तर लाल डब्यात टाकला असता.
खोक्यात कंपनीची चिठ्ठी ठेवली, सहीनिशी:
डेव्हिएशनखाली पास.

कपाटावर ठेवली तर पुढचं डावं चाक
टेकत नाही अजून.
त्याच्याखाली पार्सलची पावती घातली,
चार घड्या करून.