शिक्का

टोकन एकशे बारा.
आमच्या पुढे एक बाई, तिच्या पिशवीला सुक्या मासळीचा वास,
आणि एक म्हातारा, पासबुक डोळ्यांशी नेतो, लांब धरतो,
पुन्हा जवळ आणतो. आकडा तोच राहतो.

तेओचं डोकं कालच भादरलं.
त्याचे कान एवढे मोठे आहेत
हे एकोणीस वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.
सोमवारी दुपारी दोनला नोन्सानच्या फाटकातून आत.
आज शुक्रवार.

बाकावर आमच्या दोघांमध्ये तीन माहितीपत्रकं.
एक पोस्टाचं, साधं, करड्या कागदाचं.
एक कोळी सोसायटीच्या बँकेचं.
एक इथलं, ज्यावर हेल्मेट घातलेलं अस्वल
नाण्यांच्या ढिगावर बसून सलाम ठोकतंय.
मी म्हटलं, सोसायटी.
होडीचं इंजिन बसलं त्या वर्षी
मॅनेजरने तीन हप्ते थांबवले होते, तोंडातून शब्द न काढता.
ते आपल्याला ओळखतात.
तेओ म्हणाला, म्हणूनच नको.

मग बराच वेळ मी अस्वलाकडे बघत राहिलो.

अर्धा टक्का इथे जास्त, तो म्हणाला,
जणू भांडण टक्क्याचं होतं.

आमच्या वेळी पगार रोख, हातावर, मोजून
आणि संध्याकाळपर्यंत कँटीनच्या शेवयांत स्वाहा.
एका थंडीत मी बूट गहाण ठेवले होते
दोन वाट्या गरम रश्श्यासाठी.
बूट सरकारचे. सोडवून आणेपर्यंत
दुसऱ्याच्या बुटात परेड केली, दोन नंबर मोठ्या.
हे मी त्याला सांगणार होतो,
बचतीचं महत्त्व म्हणून.
पण त्यातून काय शिकायचं ते मलाच नीट ठाऊक नाही.
रस्सा फार चांगला होता.

एकशे बारा.

काचेमागे नाम गा-उन नावाची मुलगी,
त्याच्याहून फार तर पाच वर्षांनी मोठी.
दर महिन्याला किती? मुदत किती?
अठरा महिने, तो म्हणाला.
मधे मोडलं तर व्याज बुडतं, ती म्हणाली,
मुदत पुरी केली तर सगळं मिळतं.
मी मान डोलावली. मला कुणी विचारलं नव्हतं.

इथे गुप्त आकडा टाका.
त्याने डाव्या हाताने आडोसा केला.
मी छताकडे पाहिलं. छताला एक पाण्याचा डाग होता,
साधारण बेटाच्या आकाराचा.

माझ्या खिशात शिक्का तयार होता.
सकाळीच त्याला लाल शाई चोपडून ठेवलेली,
इथल्या डबीतली शाई नेहमी वाळलेली असते म्हणून.
ग्वाक मान-सू, बॉक्सवुडचा, बापाने कोरून घेतलेला;
याच शिक्क्याने होडी घेतली, लग्न नोंदवलं,
याच शिक्क्याने तेओचं नाव शाळेत घातलं.
मी तो काढणार एवढ्यात नाम गा-उन म्हणाली,
वडिलांचा शिक्का नको.
ते सज्ञान आहेत.

ते.
मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

ते वाकून सही करत होते.
त्यांच्या मानेवर न्हाव्याने मागे ठेवलेले
चार केस होते, कॉलरला चिकटलेले.

महिन्याचा हिशेब कुठे पाठवायचा? फोनवर की पत्त्यावर?
मला वाटलं, फोन.
सगळं यांचं फोनवरच असतं.
पत्त्यावर, तो म्हणाला,
आणि आमच्या घराचा पत्ता सांगितला,
पार मागच्या गल्लीतल्या निळ्या दारापर्यंत,
जे पत्त्यात लिहायची गरज नसते.

बाहेर धक्क्यावरून वारा सुटलेला.
त्याने टोपी ओढून घेतली. कान मावले नाहीत.

सोमवार गेला.
बुधवारी बायको कपडे भिजवता भिजवता थांबली,
पँटचा खिसा उलटा करून माझ्यासमोर धरला.
अस्तरावर माझं नाव, लाल,
एकदा नाही, पाच-सहा वेळा, एकावर एक.
कुठे मारलास शिक्का, तिने विचारलं.
कुठेच नाही, मी म्हटलं.

तिने साबण लावला, घासलं, पुन्हा लावला.
मग तशीच पँट वाळत घातली,
खिसा बाहेर काढून.