न झालेल्या गोलांचा रकाना

भुसावळच्या रेल्वे मैदानावर गवत नाही,
इंजिनं कोळसा खायची तेव्हाची काळी माती आहे,
पडलं की गुडघ्यात वर्षभर राहते.
तिथल्या एकोणचाळीस मॅचेस माझ्या वहीत आहेत.
वही टाइम ऑफिसची, मागची पानं माझी.

सुरुवातीला मीही गोलच मोजायचो.
हितेश झोपेचे सतरा, लाल पेनाने,
सतराव्याशेजारी तर चांदणी काढलेली.

मग मे महिन्यातल्या एका रात्री, लाइट गेलेली,
गच्चीवर मोबाइलच्या उजेडात सहज बेरीज मांडली.
आपण बरोबर एक गोल मारला
अशा मॅचेस बारा. गुण मिळाले तेरा.
आपण एकही खाल्ला नाही
अशा अकरा. गुण सत्तावीस.
पुन्हा केली.
पुन्हा सत्तावीस.

झोपेच्या सतरांतले सहा
मॅच संपल्यावरचे निघाले.
म्हणजे शिट्टी व्हायची होती, मॅच संपलेली होती.
भरतावर वरून आणखी तेल.
एक गोल मारून कशाचीच हमी नाही,
एकही न खाल्ला तर
एक गुण खिशात आहेच.

मग मागच्या फळीकडे वळलो.
रुबाब तडवी, अडावदचा.
आठवडाभर ट्रकमध्ये केळीचे घड भरतो,
रविवारी एसटीने येतो.
टॅकल: मॅचला एक. हेडर: दोन.
कागदावर हा माणूस जवळजवळ नाहीच.
पण तो असला की आपल्यावर शॉट पडतात चार,
नसला की अकरा.
समोरचा चेंडू घेऊन त्याच्याकडे येतो,
बघतो,
थांबतो,
दुसरीकडे पास देतो.
हा ‘थांबतो’ मी कुठल्या रकान्यात लिहू?

त्यालाच विचारलं.
म्हणाला, “मी काय करस भाऊ? नुसता उभा ऱ्हास.”

शनिवारी कमिटी बसली.
धुळ्याचा एक स्ट्रायकर मिळतोय, तडवीला बसवा.
काहून? विचारलं मी.
वायकोळे साहेब म्हणाले, तो करतो काय?
मी वही उघडली, सत्तावीस वाचलं, चार आणि अकरा वाचलं.
साहेबांनी चष्मा पुसला.
आकडे ठीक आहेत, म्हणाले,
पण पब्लिक गोल बघायला येतं.
हेही खरंच. चांदणी मीच काढली होती.
आणि एक मी तिथे बोललो नाही:
तडवी नसलेल्या मॅचेस फक्त नऊ,
त्यांतल्या दोन जळगावच्या तगड्या टीमशी.
नवावर माणूस तोलायचा
तर काटा थोडा हलणारच.

आज तडवी बाकावर, शेंगा सोलत.
चार-तीन. आपण जिंकलो.
धुळ्याच्या पोराने दोन मारले, काय मारले!
मीही ओरडलो, घसा बसला.
तडवीने टाळ्या वाजवल्या, टरफलं मांडीवरून उडाली.
वहीत लिहिलं: आपल्यावर शॉट तेरा. दोन खांबाला.
शेजारी एक नवा रकाना आखला,
त्याला नाव सुचेना,
रिकामाच ठेवला.

एसटीच्या वेळेला तडवी निघाला.
गेटातून कुणाची तरी म्हैस आत शिरत होती,
सरळ पेनल्टी बॉक्सच्या दिशेने.
तो ओरडला नाही, काठी उचलली नाही,
पिशवी खांद्यावर, तसाच
दोन पावलं डावीकडे सरकून उभा राहिला.
म्हैस थांबली.
बघितलं तिने.
वळली.

वही मी नुकतीच पिशवीत घातली होती.