सोमवारचा खोकला

मानवतच्या जिनिंगात ती आली रजा टाकून,
स्वतःच्या तिकिटावर. डर्बनची थांडेका.
मी दुभाषा, म्हणजे वजनकाट्यावरचा कारकून.

कौशीबाईच्या साडीवरच्या शर्टाला, कॉलरपाशी,
तिनं चिमटा लावला, कमरेला पंप.
तो घुरघुरत राहिला मांजराच्या पिलासारखा
दिवसभर, सरकीच्या ढिगाशी.
"ह्याला काय खाऊ घालायचं?" बायका हसल्या.
"तुम्ही खाता तेच," मी म्हणालो.

संध्याकाळी आतून निघाला रुपयाएवढा कागद.
सकाळी पांढरा होता.
मालक म्हणाले, "एवढंच? तिळाइतकंही नाही."
थांडेकानं वहीत आकडा लिहिला. खाली तारीख.

मग विचारलं, खोकला कोणत्या वारी येतो?

दवाखान्यात विचारायचे, किती दिवस झाले,
तंबाखू खाता का.
वार कुणी विचारला नव्हता.
कौशीबाई पत्र्याकडे बघत राहिली.
"सोमवारी," म्हनली. "रविवारी बरी असते.
सोमवारी दुपारून छाती अशी आवळते,
गठाण बांधल्यावानी.
सासू म्हनायची, सुट्टी अंगी लागली हिच्या.
मीबी तसंच धरून चालले, बारा हंगाम."

मी इंग्रजीत सांगू लागलो. 'अंगी लागली'पाशी अडलो.
थांडेका म्हणाली, बाप सोन्याच्या खाणीत होता,
त्यालाही आळशीच म्हणत.
हे मराठीत आणताना काहीच अडलं नाही.

ती गेली. पंखा बसला, एका शेडला.
दुसऱ्याचं पुढच्या हंगामात बघू म्हणतात.
काट्यावर गाडी चढते. मी लिहितो
क्विंटल, किलो.
त्याच्या पुढं रकाना नाही.